‘आफ्टर’ म्हणजे नक्की कधी?

कॉस्मेटिक सर्जरीच्या जाहिरातीत दोन फोटो असतात. डावीकडे ‘बिफोर’, उजवीकडे ‘आफ्टर’. डावीकडचा माणूस खांदे पाडून, ट्यूबलाइटखाली, कुणीतरी नुकतंच रागावल्यासारखा उभा असतो. उजवीकडचा ताठ असतो, बाजूने मऊ उजेड पडलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याने दाढीही केलेली असते. यावर भरपूर विनोद करून झाले आहेत, त्यात मला रस नाही. माझा प्रश्न साधा आहे. ‘आफ्टर’ म्हणजे किती दिवसांनी? पाच दिवस, पाच आठवडे, की दीड वर्ष? दुधाच्या पिशवीवर तारीख असते. पावाच्या पाकिटावर असते. लाखभर रुपये देऊन करून घेतलेल्या छातीच्या फोटोवर नसते.

ती चुकून राहिलेली नाही. या धंद्याला तुमचं मत हवं असतं, आणि ते तुमच्याकडे मत असण्याजोगं काही तयार होण्याच्या आत हवं असतं. फोटोवर तारीख घातली तर हे लगेच उघडं पडेल.

माझी माहिती आधी देतो, म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. वय २८, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत बॅकएंडचं काम. यंदा एप्रिलमध्ये माझी गायनेकोमास्टियाची सर्जरी झाली. म्हणजे पुरुषाच्या छातीत वाढलेली स्तनग्रंथी काढून टाकण्याची. वयात येताना हे पुष्कळ मुलांना होतं आणि बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप जातं. माझं गेलं नाही. व्यायामाने चरबी उतरते, ग्रंथी उतरत नाही, हे जिमच्या ट्रेनर लोकांना एकदा कुणीतरी एकत्र बसवून सांगायला हवं. शाळेत मला काय नाव पडलं होतं ते इथे लिहीत नाही. ज्यांना हे झालंय त्यांना ते आपापलं आठवेल. दर दोन मिनिटांनी टी-शर्ट पुढून चिमटीत धरून ओढायची सवय, पोहायला न जायची कारणं, कायम एक आकार मोठा शर्ट, आणि त्यामुळे आलेला पोक. विमा कंपनी याला कॉस्मेटिक म्हणते, म्हणून पैसे देत नाही. थोडी बचत होती, बाकीचा ईएमआय. सर्जरी का केली याचं समर्थन मी या लेखात करणार नाही. ती माझी छाती आहे.

आता सातव्या दिवसाबद्दल. सकाळी अकराच्या सुमारास क्लिनिकच्या व्हॉट्सॲप नंबरवरून मेसेज आला: आमच्यासोबतचा तुमचा प्रवास कसा वाटला? खाली पाच तारे, एक लिंक, हात जोडलेली इमोजी. रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट पाठवला तर व्रणावर लावायच्या जेलवर सवलत.

त्या दिवशी माझ्या अंगावर नेमकं काय होतं ते सांगतो. या सर्जरीत आधी लायपोसक्शनने आजूबाजूची चरबी ओढून घेतात, मग स्तनाग्राभोवतीच्या गडद कडेवर छोटी चीर देऊन ग्रंथी कापून काढतात. सगळी काढत नाहीत. स्तनाग्राखाली एक चकती मुद्दाम ठेवतात, नाहीतर तिथे बशीसारखा खड्डा पडतो. मग वरून जाड इलॅस्टिकची, हुकांची कॉम्प्रेशन व्हेस्ट चढवतात. ती चार ते सहा आठवडे, जवळपास चोवीस तास. पुण्याच्या एप्रिलमध्ये. सातव्या दिवशी मी ती धुण्यापुरती काढली तेव्हा आत जे दिसलं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. छातीवरचं काळंनिळं उतरून पोटावर आलं होतं आणि तिथे पिवळट हिरवं झालं होतं, कारण रक्तही गुरुत्वाकर्षण पाळतं. डावी बाजू उजवीपेक्षा उघड उघड फुगलेली. कातडी हाताला लाकडासारखी. स्तनाग्राला हात लावला तर तो दुसऱ्याच कुणाला तरी लागतोय असं वाटायचं. वजनकाटा सर्जरीच्या आधीपेक्षा दीड किलो जास्त दाखवत होता, कारण अंगात पाणी साठलेलं असतं. चरबी काढून घेतल्यावर वजन वाढलेलं बघणं हा एक खास अनुभव आहे.

यातलं काहीही बिघडलेलं नव्हतं. जखम अशीच भरते. पहिले काही दिवस दाह: त्या जागी रक्तातल्या पेशी आणि द्रव गोळा होतात, मेलेलं उचलतात. सूज म्हणजे तीच धावपळ. मग साधारण तीन आठवड्यांपर्यंत घाईघाईने नवं जाळं विणलं जातं. हे कोलॅजेन तात्पुरतं, अस्ताव्यस्त असतं. इमारतीला बांबूची परांची बांधावी तसं. त्यानंतर खरं काम सुरू होतं आणि ते वर्षभर, कधी त्याहून जास्त चालतं: परांची उतरवायची, जुने धागे काढायचे, मजबूत धागे ताणाच्या दिशेने लावायचे. सर्जरीच्या पुस्तकांतले ढोबळ आकडे सांगतात की पहिल्या आठवड्याच्या शेवटी जखमेची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम ३ टक्के असते, तीन आठवड्यांनी ३० टक्के, तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास. पुढे ती फारशी वाढत नाही. म्हणजे मला पाच तारे मागितले गेले तेव्हा माझी छाती ३ टक्के पूर्ण होती. ३ टक्के पूर्ण झालेलं काही मी कामावर डेमोला ठेवलं असतं तर मॅनेजरने मला बाजूला घेतलं असतं.

पुढचे टप्पेही सांगतो, कारण हे डिस्चार्जच्या कागदावर नसतं. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात स्तनाग्राखाली टणक गाठ लागते. इथे पुष्कळ जण हादरतात: ग्रंथी परत आली! ती ग्रंथी नसते, आतला ताजा व्रण असतो. महिन्यामहिन्याने मऊ होतो. सूज सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. दोन बाजू एकाच वेगाने भरत नाहीत, त्यामुळे कधी डावी पुढे, कधी उजवी. संवेदना परत येते तेव्हा मुंग्या येतात, मधेच बारीक शॉक बसल्यासारखं होतं. आणि एवढ्यात झोप उताणंच, दंड वर करायचे नाहीत, घरात बसून राहायचं, भूल आणि पेनकिलर उतरत असतात, म्हणून मनही खाली गेलेलं असतं. या अवस्थेतल्या माणसासमोर आरसा ठेवून ‘आवडलं का?’ विचारणं याला मी तरी ग्राहकसेवा म्हणणार नाही.

उलट्या बाजूनेही हे तितकंच खरं आहे, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. सूज फक्त चांगलं झाकत नाही, वाईटही झाकते. ग्रंथी जास्त कापली गेली असेल तर पडणारा खड्डा पहिल्या काही आठवड्यांत सुजेने भरून निघालेला असतो. व्हेस्टच्या दाबाखाली सगळं सपाट, घट्ट, मस्त दिसतं. त्या दिवशी माणूस खूश होऊन पाच तारे देतो. तो आनंद खरा असतो. पण त्यात सर्जनच्या हाताबद्दल काहीही माहिती नसते.

माझ्या कामात याला नाव आहे. ॲपमध्ये बटणाचा रंग बदलला तर लोक जास्त दाबतात का, हे बघायला आम्ही अर्ध्या लोकांना जुना रंग दाखवतो आणि अर्ध्यांना नवा. किती दिवस चालवायचं हे आधी ठरतं. समजा १४ दिवस. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्ड उघडून ‘नवा जिंकतोय, बंद करा’ म्हणायचं नाही. याला पीकिंग म्हणतात. रोज डोकावलात आणि मनासारखा आकडा दिसेल त्या दिवशी थांबलात तर जवळपास काहीही सिद्ध करता येतं, कारण सुरुवातीला आकडे हेलकावे खातच असतात. फालतू बटणाच्या रंगासाठी आम्ही ही शिस्त पाळतो. माणसाच्या अंगासाठी ती पाळायला कुणी तयार नाही, आणि डोकावणं सोयीचं असतं ते ज्याला चांगला आकडा विकायचा असतो त्यालाच.

फक्त क्लिनिकच निकाल मागतं असं नाही म्हणा. आई साताऱ्याहून आली होती. बाराव्या दिवशी ड्रेसिंग बदलताना तिने बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “अरे, डावीकडे अजून तसंच दिसतंय. नीट केलंय ना त्यांनी?”

“आई, बारा दिवस झालेत.”

“हो रे, पण पैसे तर सगळे आधीच घेतले ना.”

मी तिला म्हटलं, लोणचं घातल्यावर तू आम्हाला बरणीला हात लावू देत नाहीस. ती म्हणाली, “लोणच्याला लाख रुपये लागत नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं तर तिने नेमकं बोट ठेवलं होतं. पैसे एकदम दिले की वस्तूही एकदम मिळायला हवी असं वाटतं. रूममेटचं वेगळंच: “दाखव की, काय फरक पडला? मला तर आधीही काही वाटायचं नाही.” ऑफिसात मला पाच दिवस रजा मिळाली होती आणि सहाव्या दिवशी स्टँडअपला कॅमेरा चालू करायचा होता. आम्हा सगळ्यांना एक ॲपचा रोग झालाय. डिलिव्हरीवाला जिना उतरेपर्यंत ‘जेवण कसं होतं?’ येतं. डबा अजून उघडलेला नसतो. आपण तारे देऊन मोकळे होतो, कारण नोटिफिकेशन जावं. ही सवय बिर्याणीपुरती राहिली असती तर मी हा लेख लिहिला नसता.

आईला काळजी होती, रूममेटला उत्सुकता. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीवर.

माझ्या वयाच्या एका मित्राची हीच सर्जरी दुसऱ्या शहरात, दुसऱ्या क्लिनिकमध्ये झाली. दुसऱ्या रात्री त्याची उजवी बाजू तासाभरात फुगली, कातडी ताणून चकाकायला लागली, दुखणं गोळीने दबेना. त्याने दिलेल्या नंबरवर फोन केला. फोन घेणारा डॉक्टर नव्हता, नर्सही नव्हती. ‘पेशंट रिलेशन्स’चा मुलगा होता. तो म्हणाला, “सर, सूज नॉर्मल आहे. रिझल्टला तीन महिने लागतात, पेशन्स ठेवा.” मित्र रात्री दीड वाजता रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत गेला. आत रक्त साचलं होतं. पहाटे पुन्हा टाके उघडून काढावं लागलं. आणि आठव्या दिवशी त्याच क्लिनिकने त्याला रिव्ह्यूची लिंक पाठवली.

हे नीट बघा. शरीर बरं होत असताना प्रश्न दोन असतात: काही बिघडलंय का, आणि कसं दिसतंय. पहिल्याचं उत्तर तासांत द्यावं लागतं. दुसऱ्याचं महिन्यांनी देता येतं. हा धंदा दोन्हींची घड्याळं अदलाबदल करून ठेवतो. दिसण्याचा निकाल सातव्या दिवशी हवा, आणि बिघडल्याची तक्रार आली की तीन महिने धीर धरा. ‘थांबा’ हा शब्द ज्या प्रश्नासाठी राखून ठेवायला हवा तिथे वापरत नाहीत, आणि जिथे तो घातक आहे तिथे सढळ हाताने वापरतात.

माझ्या कामात या दोन गोष्टी वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. सर्व्हर पडला तर रात्री तीन वाजता कुणाचा तरी फोन किंचाळतो. ‘दोन आठवडे ट्रेंड बघू’ असं कुणी म्हणत नाही. नवं फीचर लोकांना आवडलं का, यासाठी मात्र कुणाला तीन वाजता उठवत नाहीत. अलर्ट वेगळा, मोजमाप वेगळं. हे कळायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, चांगल्या सर्जनना तर हे माझ्याहून जास्त कळतं. माझ्या सर्जनने मला स्वतः सांगितलं होतं की एका बाजूला अचानक वाढणारी ताठ सूज, चढता ताप, पसरत जाणारी लाली, पू, काळवंडणारी कातडी, पोटरीत दुखणं किंवा दम लागणं, यातलं काहीही झालं तर वेळ बघू नकोस. आणि आकाराबद्दल दिवाळीपर्यंत एक शब्द बोलू नकोस. पण सर्जन एक आणि क्लिनिकचा व्हॉट्सॲप नंबर एक. तो नंबर मार्केटिंगकडे असतो.

एका डॉक्टर मित्राशी यावर वाद झाला. त्याचं म्हणणं: नवीन सर्जनने करायचं काय? रिव्ह्यू नाहीत तर पेशंट येत नाहीत. सातव्या दिवशी माणूस हाताशी असतो, सहा महिन्यांनी कुणी लिहीत नाही, सगळे विसरून जातात. मला हे म्हणणं पटतं, फक्त त्यातून मी दुसराच निष्कर्ष काढतो. विसरून जाणं हाच या सर्जरीचा चांगला निकाल आहे. टी-शर्ट ओढायचा विसरलो, हे मला पाचव्या महिन्यात कधीतरी लक्षात आलं. जो निकाल चांगला असताना कुणी लिहीत नाही आणि सातव्या दिवशी जो नसतोच तरी शेकड्यांनी लिहिला जातो, तो मोजायला तारे हे साधनच चुकीचं आहे. नवव्या महिन्यात खड्डा दिसलेल्या माणसाचा एक रिव्ह्यू सातव्या दिवसाच्या चारशे रिव्ह्यूंखाली गाडला जातो, आणि सरासरी ४.९ राहते.

दुसरा मुद्दा त्याने काढला की ते रिव्ह्यू सेवेबद्दल असतात, निकालाबद्दल नाही. चालेल. मग विचारा ना: रिसेप्शनवर किती वेळ बसवलं? बिलात आधी सांगितलेल्यापेक्षा जास्त काही निघालं का? रात्री फोन उचलला का? हे प्रश्न सातव्या दिवशी अगदी योग्य आहेत. पण तारा एकच असतो आणि वाचणारा तो छातीला लावतो.

इथे मला पुण्याच्याच एका जुन्या ‘आफ्टर’ची गोष्ट सांगायची आहे. कावसजी नावाचा इंग्रजी फौजेचा गाडीवान टिपूच्या कैदेत सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. पुण्याजवळ एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी खाली वळवून त्याचं नाक पुन्हा बनवलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी असं काम पाहिलं होतं. ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आला, तो वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये तिकडे तसंच ऑपरेशन केलं, आणि युरोपातली आधुनिक प्लास्टिक सर्जरी ज्या कहाण्यांपासून सुरू होते त्यातली ही एक मोठी कहाणी झाली.

त्या वृत्तांतात मला आवडतं ते घड्याळ. नाक जोडायला पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या, त्या चार दिवस. मग तुपात बुडवलेलं कापड. पाच-सहा दिवस उताणं झोपवायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या घड्या. कपाळाशी जोडलेली कातडीची पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या आसपास कापायची आणि तेव्हा नाकाला थोडा आकार द्यायचा. कपाळावरचा व्रण काही काळाने फारसा जाणवत नाही, हेही त्यात सांगितलंय, आणि ‘काही काळाने’ हे शब्द गाळलेले नाहीत. आणि कावसजीचं ते प्रसिद्ध चित्र जेम्स वेल्स या चित्रकाराने काढलं ते जानेवारी १७९४ मध्ये, ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी. या क्षेत्रातल्या सर्वांत गाजलेल्या ‘आफ्टर’ची तारीख आज सव्वादोनशे वर्षांनीही आपल्याला सांगता येते. माझ्या फोनवर काल आलेल्या ‘आफ्टर’ची येत नाही.

नियम नाहीत असंही नाही. मेडिकल कौन्सिलचे २००२चे आचारनियम सांगतात की रुग्ण मिळवण्यासाठी प्रत्यक्ष किंवा आडून जाहिरात करणं अनैतिक आहे, मग ती डॉक्टरने केलेली असो वा संस्थेने. तुमचा फोन उघडा आणि हा नियम कसा पाळला जातोय ते बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने नवे नियम काढले. त्यात सोशल मीडियावरून रुग्णांकडे रिव्ह्यू किंवा शिफारशी मागायच्या नाहीत, आणि बऱ्या झालेल्या रुग्णांचे किंवा छाप पाडणाऱ्या निकालांचे फोटो टाकायचे नाहीत असं स्पष्ट होतं. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. कारणं वेगळी होती, भांडण मुख्यतः जेनेरिक औषधं लिहिण्यावरून पेटलं होतं. पण त्याबरोबर हा भागही बासनात गेला आणि त्यासाठी कुणी रडल्याचं मला आठवत नाही.

संपूर्ण बंदी यावी असं माझं म्हणणं नाही. फोटो बघूनच मला कळलं की माझ्यासारखे इतर आहेत आणि यावर काही करता येतं. ते फोटो नसते तर मी अजून पोक काढून फिरत असतो. मला फोटोवर तारीख हवी आहे. ‘सर्जरीनंतर २१ दिवस’ असं ठळक, फोटोच्या आतच, कापता येणार नाही असं. आकाराबद्दलचा रिव्ह्यू सहा महिन्यांच्या आत मागायचा नाही. जेलच्या सवलतीच्या बदल्यात तर कधीच नाही. डिस्चार्जच्या कागदावर मराठीत दोन गोष्टी वेगळ्या लिहायच्या: हे झालं तर आत्ता फोन करा, आणि हे दिसलं तर महिने जाऊ द्या. त्या ‘आत्ता’साठी दिलेला नंबर डॉक्टर किंवा नर्सने उचलायचा. यातलं काहीही महाग नाही. तारीख टाकायला तर फोनचा कॅमेरा फुकटात तयार आहे, उलट ती झाकायलाच कष्ट पडतात.

जे आत्ता व्हेस्टमध्ये घामाघूम बसून हे वाचताय, त्यांच्यासाठी मी केलेली व्यवस्था सांगतो. बाथरूममधला आरसा रूममेटच्या परवानगीने वर्तमानपत्राने झाकला. महिन्यातून एकदा, एक तारखेला, सकाळी, एकाच भिंतीसमोर, त्याच ट्यूबलाइटखाली तीन फोटो. रोज नाही. मधल्या दिवसांत अलर्टच्या यादीतलं काही आहे का एवढंच तपासायचं, आणि ते हाताने, आरशाशिवायही होतं. कुणी ‘दाखव’ म्हटलं की तारीख सांगायची. आईलाही मी तारीखच सांगितली होती, दिवाळीत ती स्वतःहून म्हणाली, “आता दाखव.” तिने बघितलं, “बरं झालंय,” म्हणाली आणि चकल्या तळायला गेली.

आता डिसेंबर आहे, आठवा महिना. डाव्या स्तनाग्राच्या खालच्या कडेला बोट फिरवलं तर अजून थोडा टणकपणा लागतो. तो राहील की जाईल, हे सर्जनच्या मते वर्ष झाल्यावर सांगता येईल, आणि राहिलाच तर दुरुस्ती छोटी आहे. अडचण दुसरी आहे. मी सही केलेल्या पॅकेजच्या कागदावर शेवटून दुसऱ्या ओळीत लिहिलंय की टच-अप मोफत, मात्र सर्जरीनंतर सहा महिन्यांच्या आत. म्हणजे क्लिनिकचे स्वतःचे सर्जन ज्या निकालाला बारा महिने लागतात म्हणतात, त्याची वॉरंटी सहाव्या महिन्यात संपते. मी त्यांना ईमेल लिहून ही मुदत सर्व पेशंटसाठी अठरा महिने करा असं कळवलं, सोबत तारखा घातलेले आठ महिन्यांचे फोटो जोडले. उत्तर आलं नाही. परवा मात्र त्यांच्या नंबरवरून मेसेज आला, पहिल्याच लिंकसह: तुमचा रिव्ह्यू अजून बाकी आहे.